प्रार्थनेपूर्वीची घटका

ध्यान हा शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. झाडाखाली किंवा गुहेत पद्मासन घालून बसलेला योगी. डोळे मिटलेले, ओठ बंद, श्वास मंद. यहुदी माणसाच्या उपासनेचे चित्र याच्या अगदी उलट आहे. तो बहुधा उभा असतो, हातात पोथी असते, अंगावर झालरीचे वस्त्र असते, ओठ सारखे हलत असतात आणि त्यांच्या तालावर देहही मागेपुढे डोलत असतो. शेजारी दहाजण असले तर दहाही जण पुटपुटत असतात आणि नवख्याला वाटावे, की ही शाळेतली पाढे म्हणण्याची वेळ आहे. इतक्या शब्दबहुल धर्मात स्तब्ध बसून आपले मन न्याहाळण्याला जागा कुठली, अशी शंका कोणालाही यावी.

ही शंका खुद्द यहुदी लोकांनाही पडलेली आहे. गेल्या काही दशकांत अमेरिकेत आणि इस्राएलमध्ये पुष्कळ यहुदी स्त्रीपुरुष सजगतेचे ध्यान शिकू लागले. श्वासावर चित्त ठेवावयाचे, मनात उठणारे विचार येताना आणि जाताना पाहावयाचे, आणि चित्त भरकटले की त्याच्यावर न रागावता त्याला पुन्हा जागेवर आणावयाचे, असे या ध्यानाचे साधे स्वरूप आहे. ही साधना मुळात बौद्धांची. तेव्हा ती आपल्या घरात ठेवावी की दारातूनच परत करावी, हा वाद तेथे सुरू झाला आणि तो अद्याप संपलेला नाही. वाद समजून घ्यावयाचा तर पुष्कळ मागे जावे लागते. कारण स्तब्धता ही यहुदी उपासनेला नवी नाही, ती केवळ शब्दांच्या मागे उभी असल्यामुळे चटकन दिसत नाही.

यहुदी धर्मशास्त्राचा पहिला मोठा संग्रह म्हणजे मिश्ना. तो इसवी सनाच्या २०० च्या सुमारास सिद्ध झाला. त्यात प्रार्थनेच्या प्रकरणी पूर्वीच्या काळच्या भाविकांची एक चाल नोंदलेली आहे. हे लोक प्रार्थनेला उभे राहण्यापूर्वी एक तास नुसते थांबत असत. कशासाठी, तर अंतःकरण ईश्वराकडे वळावे म्हणून. एकदा प्रार्थना सुरू झाली की राजाने कुशल विचारले तरी उत्तर द्यावयाचे नाही आणि पायाच्या टाचेला साप विळखा घालून बसला तरी खंड पडू द्यावयाचा नाही, असा दंडक तेथेच सांगितला आहे. पुढे तालमूद या ग्रंथात त्यावर चर्चा झाली, तेव्हा पंडितांनी विंचवाला मात्र अपवाद केला. साप एखादे वेळी निमूटपणे निघून जाईल, विंचू डंख मारल्याशिवाय राहणार नाही, हा व्यवहार त्यांना ठाऊक होता.

त्याच तालमूदात आणखी एक हिशेब मांडलेला आहे. प्रार्थनेपूर्वी एक तास, प्रार्थनेत एक तास आणि नंतर पुन्हा एक तास, असे दिवसातून तीन वेळा केले तर नऊ तास होतात. मग या मंडळींनी अध्ययन कधी करावे आणि पोटापाण्याचा उद्योग कधी पाहावा? कोणत्याही संसारी माणसाच्या मनात येईल तोच हा प्रश्न आहे आणि पंडितांनी तो टाळला नाही, हे विशेष. भाविकांची विद्या टिकून राहते आणि त्यांच्या कामाला बरकत येते, असे उत्तर त्यांनी दिले. ते पटो वा न पटो, प्रार्थनेच्या दोन्ही बाजूंना मौनाची एकेक पट्टी ठेवण्याची चाल त्या काळी माहीत होती, एवढे यावरून निश्चित होते.

अंतःकरणाच्या या वळण्याला हिब्रू भाषेत ‘कव्वाना’ असा शब्द आहे. नेम धरणे, दिशा देणे, असा त्याचा मूळ भाव. बाराव्या शतकातील थोर धर्मशास्त्री मोशे बेन मायमोन, ज्यांना जग मायमॉनिडीझ म्हणून ओळखते, त्यांनी कव्वानेवाचून केलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे, असा स्पष्ट निर्णय दिला. प्रवासाहून थकून आलेल्या किंवा मन त्रासलेल्या माणसाने चित्त स्थिर होईपर्यंत प्रार्थनेला उभे राहू नये, असेही त्यांनी सांगितले. आणि कव्वाना म्हणजे काय? तर हृदयातून सारे विचार काढून टाकावे आणि आपण ईश्वराच्या सान्निध्यात उभे आहोत असे स्वतःला पाहावे. त्यासाठी प्रार्थनेपूर्वी थोडा वेळ बसावे. मायमॉनिडीझ हे वैद्य होते, तर्कशास्त्री होते, भाबडेपणा त्यांच्या स्वभावात नव्हता. त्यांनी ‘थोडा वेळ बसावे’ हे कायद्याच्या ग्रंथात घातले, याला महत्त्व आहे.

सर्वसामान्य यहुदी कुटुंबातील माणसाला हा अवधानाचा धडा लहान लहान मात्रांमध्ये दिवसभर मिळत राहावा, अशी योजना आहे. दिवसाला शंभर आशीर्वचने म्हणावीत, असा तालमूदाचा संकेत. सकाळी डोळे उघडताच प्राण परत मिळाल्याबद्दल आभार. भाकरीला एक आशीर्वचन, झाडाच्या फळाला दुसरे, भुईच्या भाजीला तिसरे. मेघगर्जना ऐकली, समुद्र पुष्कळ दिवसांनी दिसला, इंद्रधनुष्य पडले, तर त्याचेही. शौचाहून आल्यावरसुद्धा देहातील द्वारे आणि नलिका नीट चालत असल्याबद्दल ईश्वराचे आभार मानणारे वचन आहे; ज्याने कधी पोटाचे मोठे दुखणे काढले असेल त्याला हे वचन हास्यास्पद वाटणार नाही. परंतु फळ तोंडात टाकण्यापूर्वी ते कोणत्या झाडाचे, झाडाचे की भुईचे, हे ओळखावे लागते आणि ओळखण्यासाठी क्षणभर हात थांबवावा लागतो. सजगतेचे आधुनिक शिक्षक एक बेदाणा तळहातावर घेऊन तो पाहावयास, हुंगावयास आणि सावकाश चावावयास शिकवतात. यहुदी आजीबाईला त्यात फारसे नवल वाटू नये.

अवधानाचा सर्वांत दाट क्षण म्हणजे ‘शमा’. ईश्वर एक आहे, अशी साक्ष देणारे हे वाक्य सकाळ-संध्याकाळ म्हणावयाचे असते. म्हणताना उजवा हात डोळ्यांवर ठेवतात. बाहेरचे काही दिसू नये म्हणून. शेवटचा शब्द ‘एक’ हा लांबवून म्हणावा, घाईने गिळू नये, असे पंडितांचे सांगणे. लेखकू चर्मपटावर हे वाक्य लिहितात तेव्हा पहिल्या शब्दाचे शेवटचे अक्षर आणि शेवटच्या शब्दाचे शेवटचे अक्षर मोठे काढतात. ही दोन अक्षरे जोडली की ‘साक्षी’ असा शब्द तयार होतो. एकाच वाक्यात डोळे, श्वास आणि अर्थ यांना एका जागी बांधण्याचा हा प्रयत्न आहे.

मराठी वाचकाला हे फार परके वाटावयाचे कारण नाही. कोकणात अलिबागच्या आसमंतात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल समाजाची हकिकत प्रसिद्ध आहे. आपले पूर्वज जहाज फुटून या किनाऱ्याला लागले आणि त्यांच्या पोथ्या बुडाल्या, असे त्यांची परंपरा सांगते. हिब्रू भाषा विसरली गेली, मराठी हीच मातृभाषा झाली, गावांच्या नावांवरून ‘कर’ लावलेली आडनावे आली. तेलाच्या घाण्यावर त्यांचा चरितार्थ चालत असे. आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. इतके सगळे विसरले गेले तरी शब्बाथाची विश्रांती आणि शमाचे वाक्य मात्र राहिले. संकटात, बाळाच्या बारशाला, मरणाच्या वेळी तेच एक वाक्य म्हणावयाचे. ग्रंथ नाहीत, रब्बी नाहीत, अशा स्थितीत एका समाजाने ज्या दोन गोष्टी जपल्या त्यांपैकी एक अवधानाची आणि दुसरी थांबण्याची, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९४८ नंतर यांतील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले; तरी तेथेही नवससायास फेडताना ते मलिद्याचे ताट मांडतात आणि एलियाहू हन्नाबीचे स्मरण करतात.

हा एलियाहू, म्हणजे जुन्या करारातील एलीया संदेष्टा, स्तब्धतेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. राणीच्या रागामुळे जीव घेऊन पळालेला, मरण मागणारा, दमलेला एलीया होरेब पर्वतावरच्या गुहेत येतो. तेथे आधी पर्वत फोडणारा वारा सुटतो, मग भूकंप होतो, मग आग येते. आणि या तिन्हींत ईश्वर नसतो. नंतर येते ती एक अतिशय बारीक शांतता. एलीया आपल्या झग्याने तोंड झाकून गुहेच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. ध्यानाचे यहुदी शिक्षक या कथेकडे वारंवार वळतात. परंतु कथा तेथे संपत नाही. त्या शांततेतून एलीयाला प्रश्न विचारला जातो, की तू येथे काय करतोस? आणि त्याला काम देऊन परत पाठवले जाते. शांतता हे मुक्कामाचे ठिकाण नव्हे, ही या कथेची बाजू काही शिक्षकांकडून राहून जाते.

आता उसनवारीचा मुद्दा. धर्मरक्षक म्हणवणाऱ्यांना नेहमी असे वाटते, की पूर्वी सारे शुद्ध होते आणि मिसळ आजच सुरू झाली. इतिहास तसे सांगत नाही. अकराव्या शतकात स्पेनमध्ये बाह्या इब्न पाकुदा यांनी ‘अंतःकरणाची कर्तव्ये’ हा ग्रंथ अरबी भाषेत लिहिला. देहाने करावयाच्या आज्ञांवर ग्रंथ पुष्कळ, पण मनाने करावयाच्या कर्तव्यांकडे कोणी पाहत नाही, ही त्यांची तक्रार होती. आणि आत्मपरीक्षणाची जी रीत त्यांनी मांडली तिच्यावर मुसलमान सूफी संतांची छाया स्पष्ट आहे. आज हा ग्रंथ कर्मठातील कर्मठ घरात वाचला जातो. मायमॉनिडीझ यांचे पुत्र अब्राहाम हे इजिप्तमधील यहुद्यांचे प्रमुख होते. ते १२३७ साली वारले. त्यांनी तर सूफींची उघड प्रशंसा केली. एकांत, रांगेत बसणे, साष्टांग नमन, प्रार्थनेपूर्वी पाय धुणे, हे सारे प्राचीन इस्राएलच्या संदेष्ट्यांचेच होते. ते यहुद्यांनी हरवले आणि इतरांनी सांभाळले, असे त्यांचे म्हणणे. विरोधक इतके चिडले की त्यांनी मुसलमान राज्यकर्त्यांकडे त्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणे नेले.

याहून गमतीचे उदाहरण १८०८ सालचे आहे. पूर्व युरोपातील मेनाहेम मेंडेल लेफिन यांनी ‘आत्म्याचा हिशेब’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. तेरा गुण निवडावे, एकेका आठवड्याला एकेक घ्यावा आणि रोज रात्री तक्त्यावर चुकांच्या खुणा कराव्या, अशी त्यातील पद्धत. ही पद्धत अमेरिकेतील मुद्रक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँक्लिन यांची! पुढे लिथुएनियात इस्राएल सालांतर यांनी नीतिसाधनेची जी चळवळ उभी केली, तिने हे पुस्तक आपलेसे केले. तेव्हा वस्तू कोणाच्या दुकानातून आणली यापेक्षा ती घरात आणून कोणत्या कामाला लावली, हा प्रश्न अधिक खरा आहे.

अठराव्या शतकात हसीद पंथाने अवधानाचा विचार घरोघर नेला. या पंथाचे प्रवर्तक बाल शेम तोव १७६० साली वारले. प्रार्थनेत भलतेसलते विचार येतात, ही सर्वांचीच तक्रार. त्यांच्याशी भांडण करून काय साधणार? बाल शेम तोव यांचे शिक्षण असे, की त्या विचाराला हाकलू नये. तो ज्या मुळातून निघाला ते मूळ शोधावे आणि त्याला वर न्यावे. वासनेत प्रेमाचा, भयात भक्तियुक्त धाकाचा अंश दडलेला असतो. परंतु त्यांच्याच परंपरेतील श्नेऊर झाल्मान यांनी १७९६ साली छापलेल्या ‘तान्या’ या ग्रंथात सामान्य माणसाला बजावले, की हे सिद्धपुरुषांचे काम, तू त्या फंदात पडू नकोस. विचार आला तर आला, तू आपले चित्त प्रार्थनेकडे वळव. हा सल्ला कोरडा असला तरी शहाणपणाचा आहे. आजचा सजगतेचा शिक्षक जवळजवळ हेच सांगतो. श्नेऊर झाल्मान यांच्या पंथात प्रार्थनेपूर्वी दीर्घ चिंतन करण्याची चाल आहे. त्यात मन रिकामे करावयाचे नसते. ईश्वराच्या महत्तेविषयीचा एखादा विचार घेऊन तो बुद्धीत मुरेपर्यंत, आणि बुद्धीतून हृदयात उतरेपर्यंत, त्याच्याशी बसावयाचे असते.

ब्रेस्लवचे रब्बी नाखमान (१७७२ ते १८१०) यांनी वेगळीच वाट घेतली. रात्री, शेतात किंवा एकांतातल्या खोलीत जावे आणि तासभर ईश्वराशी आपल्या मातृभाषेत बोलावे. मित्राजवळ गाऱ्हाणे सांगावे तसे. पोथीतल्या हिब्रूत नव्हे, घरातल्या यिद्दिशमध्ये. काहीच सुचले नाही तर ‘जगाच्या धन्या’ एवढेच म्हणत राहावे. शब्द सुचत नाहीत हीच तक्रार त्याच्यापुढे मांडावी. ज्या मुलखात देवाशी भांडण काढणारे संत होऊन गेले तेथील वाचकाला नाखमान यांची ही रीत चटकन उमगेल.

परंतु आजच्या सजगतेच्या सर्वांत जवळ येणारी साधना ज्यांनी शिकवली ते रब्बी विसाव्या शतकातले, आणि त्यांची हकिकत थोडी विस्ताराने सांगावयास हवी. कलोनिमोस काल्मान शापिरा यांचा जन्म १८८९ सालचा. वॉर्साजवळच्या पियासेच्नो या गावचे ते धर्मगुरू. १९२३ साली त्यांनी वॉर्सामध्ये एक विद्यालय काढले आणि ते तेथील मोठ्या विद्यालयांपैकी एक ठरले. ते हाडाचे शिक्षक होते. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘विद्यार्थ्यांचे कर्तव्य’ या पुस्तकात त्यांनी मुलांनाच उद्देशून लिहिले. मुलाला हुकूम देऊन किंवा सवय लावून भागत नाही. आपला मुख्य शिक्षक आपणच आहोत, हे मुलाला कळले पाहिजे, असे त्यांचे मत. त्या काळातील कडक शिस्तीच्या विद्यालयांत हे बोलावयास धैर्य लागत होते.

त्यांनी निवडक शिष्यांना एक रीत शिकवली होती. तिला ते ‘हश्काता’, म्हणजे शांतवणे, म्हणत. एका शिष्याने ती टिपून ठेवली म्हणून ती आज ठाऊक आहे. तिची उपपत्ती तालमूदातील एका वचनावर बसवलेली आहे. स्वप्न हा संदेष्टेपणाचा साठावा अंश आहे, असे तालमूद म्हणतो. असे का? तर झोपेत माणसाचा ‘मी’ झोपलेला असतो. त्याचे हवेनको थांबलेले असते, म्हणून वरून काही आत येऊ शकते. मग जागेपणीच हा ‘मी’ थोडा शांत करता येईल काय? त्यासाठी शापिरा सांगत, की काही वेळ आपल्या विचारांकडे नुसते पाहत बसावे. मी आता काय विचार करतो आहे, एवढेच पाहावे. हळूहळू विचारांचा ओघ मंदावल्याचे जाणवते. कोणाला हे जमत नसेल तर त्याने घड्याळाच्या काट्याकडे पाहावे, जो जागचा हलतो आहे असे दिसतच नाही.

येथपर्यंतचे वर्णन एखाद्या विपश्यना शिबिरात सांगितले तर कोणाला खटकणार नाही. पुढचा भाग मात्र सर्वस्वी यहुदी आहे. मन शांत झाले की ते तसेच रिकामे ठेवावयाचे नाही. त्यात पवित्र शास्त्रातील एखादे लहान वचन हळुवारपणे ठेवावे. मग आपल्यात जे कमी आहे ते मागावे. श्रद्धा कमी असेल तर श्रद्धा, प्रेम कमी असेल तर प्रेम. शेवटी ईश्वराने आपला मार्ग दाखवावा, अशा अर्थाची स्तोत्रातील ओळ शापिरा यांनी दिलेल्या चालीवर गुणगुणावी. म्हणजे घर झाडून घ्यावयाचे ते पाहुणा यावयाचा आहे म्हणून. झाडलेल्या घराकडे पाहत समाधानाने बसून राहणे त्यांना अभिप्रेत नव्हते.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनांनी वॉर्सावर बाँबवर्षाव केला. त्यात शापिरा यांचा एकुलता एक मुलगा जखमी होऊन वारला. तो रुग्णालयात असताना बाहेर उभी असलेली सून आणि तिच्याबरोबरची आणखी एक आप्त स्त्री मारल्या गेल्या. थोड्याच आठवड्यांत आईही गेली. पत्नी त्याआधी दोन वर्षांपूर्वीच निवर्तली होती. पुढे यहुद्यांना कोंडवाड्यासारख्या वस्तीत डांबले गेले, उपासमार आणि ताप यांनी रस्त्यांवर प्रेते पडू लागली. शापिरा तेथेच राहिले आणि जुलै १९४२ पर्यंत शब्बाथाला प्रवचने देत राहिले. ही प्रवचने वाचणाऱ्याला त्यांत सुलभ सांत्वन सापडत नाही. दुःख एका मर्यादेपलीकडे गेले की माणूस फुटतो, प्रार्थनेची शक्तीच उरत नाही, हे ते स्पष्ट बोलतात. मन न्याहाळण्याची जी सवय त्यांनी शिष्यांना लावली होती, तीच येथे एका भयंकर प्रामाणिकपणात उतरलेली दिसते. आपल्या मनात काय चालले आहे ते ते झाकत नाहीत आणि तरी ज्याच्यासमोर उभे आहेत त्याच्यासमोरून हलत नाहीत. मनःशांती म्हणजे तक्रार नसणे, अशी समजूत असणाऱ्याने ही प्रवचने अवश्य पाहावीत.

नोव्हेंबर १९४३ मध्ये त्राव्निकी येथील छावणीत इतर हजारो कैद्यांबरोबर त्यांची हत्या झाली. वस्तीतील गुप्त दफ्तराबरोबर त्यांची हस्तलिखिते जमिनीत पुरलेली होती. ज्याला सापडतील त्याने ती पॅलेस्टाइनमधील आपल्या भावाकडे पोचवावी, अशी चिठ्ठी त्यांनी सोबत ठेवली होती. युद्ध संपल्यावर, १९५० साली, दफ्तराचे दुधाचे कॅन खोदकामात हाती लागले. भाऊ १९४५ सालीच वारले होते. प्रवचने १९६० साली इस्राएलमध्ये ‘पवित्र अग्नी’ या नावाने प्रसिद्ध झाली.

युरोपातील अशा परंपरांचे बहुतेक शिक्षक त्या संहारात गेले. अमेरिकेत वाढलेल्या यहुदी मुलांना धर्म मिळाला तो सणांचा, देणग्यांचा आणि भाषणांचा. आत पाहावयास शिकवणारा फारसा कोणी उरला नव्हता. ही मुले १९६० नंतर हिंदुस्थानची वाट चालू लागली, यात नवल नाही. येथे महाराष्ट्राचाही धागा आहे. ब्रह्मदेशात वाढलेले सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली मुंबईत पहिले विपश्यना शिबिर भरवले आणि १९७६ साली इगतपुरीला केंद्र उभे केले. बोधगया येथील त्यांच्या १९७१ च्या शिबिरात बसलेल्या पाश्चात्य तरुणांत शॅरन साल्झबर्ग होत्या. जोसेफ गोल्डस्टाइनही त्याच सुमारास बोधगयेत साधना करीत होते. या दोघांनी जॅक कॉर्नफील्ड यांच्यासह १९७५ साली मॅसॅच्युसेट्समध्ये विपश्यनेची संस्था काढली. तिघेही यहुदी घरांतले. १९७९ साली रुग्णांसाठी सजगतेचा वर्ग सुरू करणारे जॉन कबाट-झिन हेही यहुदी घरातलेच.

यहुदी गुरूंनी यावर दोन प्रकारे उत्तर दिले. रब्बी आर्ये काप्लान यांनी पवित्र शास्त्रातील आणि कब्बाला या गूढविद्येतील ध्यानपद्धती शोधून ग्रंथांत मांडल्या. ज्यासाठी तुम्ही दूर जाता ते घरच्या माळ्यावर धूळ खात पडले आहे, असे त्यांना मुलांना सांगावयाचे होते. १९८३ साली, पन्नाशीच्या आत, ते वारले. दुसरे उत्तर लुबाविच पंथाच्या प्रमुखांचे. त्यांनी १९७९ च्या सुमारास वैद्यांना आवाहन केले, की ध्यानाने मनाला आराम पडतो हे खरे. पण दुसऱ्या दैवतांचे मंत्र, मूर्तीपुढील नमन वगैरे त्यातून काढून निव्वळ औषध म्हणून ते द्यावे. मूर्तिपूजेचा निषेध हा यहुदी धर्माचा कणा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ही काळजी क्षुद्र वाटत नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये यहुदी विद्वानांचे एक मंडळ धरमशाला येथे दलाई लामांना भेटले. परागंदा होऊनही धर्म कसा टिकवला, हे त्यांना यहुद्यांकडून समजून घ्यावयाचे होते. आणि आपली मुले तिबेटी गुरूंकडे का येतात, या विचाराने पाहुणे अस्वस्थ होते. १९९९ साली अमेरिकेत एक यहुदी अध्यात्मसंस्था स्थापन झाली. ती रब्बींना आणि इतरांनाही सजगता शिकवते.

मतभेदाचे खरे ठिकाण आसनात किंवा श्वासात नाही. बौद्ध विचार सांगतो, की नीट पाहिले तर ‘मी’ नावाची स्थिर वस्तू सापडत नाही. यहुदी विचार सांगतो, की प्रत्येकात ईश्वराने फुंकलेला प्राण आहे आणि त्या प्रत्येकाला जाब विचारला जाणार आहे. एकीकडे पाहणे पुरेसे आहे; दुसरीकडे कोणासमोर उभे राहून पाहतो, याला महत्त्व आहे. शिवाय यहुदी उपासनेच्या काही प्रार्थनांना दहाजणांची उपस्थिती लागते. मृतासाठी म्हणावयाची कद्दिश एकट्याने बंद खोलीत म्हणता येत नाही. ध्यानात कितीही गोडी लागली तरी शेजाऱ्याच्या बापासाठी दहावा माणूस म्हणून उठून जावेच लागते. ज्याला हे उठणे जड जाते, त्याचे ध्यान त्याला धर्माकडे न नेता धर्मातून बाहेर नेत आहे, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र जे शिक्षक हा ताण लपवून ‘दोन्ही एकच’ असे सांगतात, ते दोन्ही परंपरांवर अन्याय करतात.

जेथे हे काम मनापासून चालते तेथील वर्गाची रीत साधी आहे. प्रार्थनेपूर्वी वीसएक मिनिटे खुर्चीवरच ताठ बसतात. हिब्रूत प्राणाला ‘नेशामा’ आणि श्वासाला ‘नेशिमा’ म्हणतात. दोहोंचे मूळ एक. प्रत्येक श्वासागणिक निर्मात्याची स्तुती करावी, असा प्राचीन पंडितांचा अर्थ या शब्दावरून निघतो, म्हणून श्वासाकडे पाहणे हीच स्तुती समजतात. चित्त भरकटले की परत आणतात. या परत येण्याला ते ‘तशुवा’ हा शब्द लावतात, जो एरवी पश्चात्तापाला लावतात, कारण त्याचा अर्थच परतणे असा आहे. मग पोथी उघडतात आणि नेहमीची प्रार्थना म्हणतात, कदाचित थोडी सावकाश.

शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी घरातील स्त्री मेणबत्त्या लावते, हातांनी डोळे झाकते आणि आशीर्वचन म्हणते. त्या क्षणापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत एकोणचाळीस प्रकारची कामे बंद. लिहिणे नाही, विस्तव पेटवणे नाही, पैशाला हात नाही. रब्बी अब्राहाम जोशुआ हेशेल यांनी १९५१ सालच्या आपल्या पुस्तकात शब्बाथाला काळात बांधलेले मंदिर म्हटले आहे. द्राक्षरसाचा प्याला फिरल्यावर सर्वजण हातांवर पाणी घेतात. हात धुतल्यापासून भाकरीचा पहिला तुकडा मोडेपर्यंत बोलावयाचे नाही, अशी चाल आहे. भरल्या घरात, पाहुण्यांच्या गर्दीत, एकाएकी सारे गप्प होतात. कोणाला मीठ हवे असते ते तो खुणेने मागतो, मुलांना हसू आवरत नाही, आजोबा डोळे वटारतात. मग भाकरीवरचे कापड उचलले जाते.